प्रतीक्षेचा घसारा

रुग्णालयीन प्रशासनाच्या परिभाषेत शस्त्रक्रियांचे दोन वर्ग पडतात. एक तातडीच्या, दुसऱ्या ऐच्छिक. फुटलेले आंत्रपुच्छ, अडलेले बाळंतपण, अपघातात मोडलेली मांडी यांना पहिल्या वर्गात जागा मिळते. झिजलेला गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या वर्गात जाते. ही वर्गवारी सोयीची आहे आणि तिच्यामागे काही तर्कही आहे. झिजलेल्या गुडघ्याने माणूस मरत नाही, म्हणून तो थांबू शकतो, असा तो तर्क. परंतु ‘थांबू शकतो’ या दोन शब्दांत एक गृहीतक दडलेले आहे. आज थांबवलेला रुग्ण सहा महिन्यांनी किंवा वर्षाने शस्त्रक्रियेच्या टेबलावर येईल तेव्हा तो आजच्यासारखाच असेल, प्रतीक्षेचा काळ हा रिकामा काळ आहे, त्यात काही घडत नाही आणि कोणाचे काही जात नाही, असे ते गृहीतक. ते खोटे आहे. त्या काळात रुग्णाच्या मांडीचा स्नायू झिजत असतो, आणि ही झीज ज्याला थांबावे लागते त्याच्याच खात्यावर पडते.

थांबावे कोणाला लागते, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही. ज्याच्या हाती पैसा आहे तो या आठवड्यात खासगी रुग्णालयात जातो आणि पुढच्या आठवड्यात काठी टेकत का होईना, घरी परततो. थांबते ती चार घरची धुणीभांडी करणारी बासष्ट वर्षांची बाई. चाळीस वर्षे चिखलात वाकून भाताची लावणी केलेली शेतमजूर स्त्री थांबते. पाठीवर पोती वाहून ज्याचे गुडघे कामातून गेले तो हमाल थांबतो. ज्यांचे गुडघे श्रमाने झिजले त्यांनाच ते बदलून घेण्यासाठी सर्वांत जास्त थांबावे लागते, आणि थांबण्याच्या काळात उरलेली ताकदही गमवावी लागते. हा योगायोग नव्हे. ही वाटणीची एक पद्धत आहे, आणि तिचे अर्थशास्त्र तपासणे अगत्याचे आहे.

मांडीत काय घडते

गुडघा सरळ करणे, जिना चढताना शरीराचा भार उचलणे, खाली बसलेल्या माणसाला उभे करणे ही कामे मांडीच्या पुढच्या भागातील चार स्नायूंचा समूह करतो. वैद्यकात त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. गुडघ्यातील कूर्चा झिजून सांध्याला सूज येते तेव्हा सांध्यातून निघालेले संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात, आणि या स्नायूंना मिळणारा हुकूम मज्जासंस्था अंशतः रोखून धरते. रुग्णाने मनापासून जोर लावला तरी स्नायू पूर्ण ताकदीने आकुंचन पावत नाही. यात आळसाचा किंवा भित्रेपणाचा काही संबंध नसतो. सांध्याने स्नायूवर लादलेली ती संचारबंदी असते. तिच्यात वेदनेची भर पडते. दुखते म्हणून चालणे कमी होते. चालणे कमी झाले म्हणून स्नायू दुबळा होतो. स्नायू दुबळा झाला म्हणून प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर बसतो. आणि धक्का बसला म्हणून दुखणे वाढते. या चक्राला बाहेरून कोणी हात घातला नाही तर ते आपोआप थांबत नाही.

स्नायू किती वेगाने जाऊ शकतो याचा एक अंदाज २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून येतो. निरोगी वृद्ध स्त्रीपुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील चरबीविरहित वजन सरासरीने जवळजवळ एक किलोने घटले. शस्त्रक्रियेची वाट पाहणारी बाई अंथरुणाला खिळलेली नसते. ती उठते, स्वयंपाक करते, भिंतीचा आधार घेत चालते. तिचा ऱ्हास याहून सावकाश होतो हे खरे. पण ती दहा दिवस थांबलेली नसते, महिनोन् महिने थांबलेली असते.

या ऱ्हासाचे एक वैशिष्ट्य असे की तो डोळ्यांना सहसा दिसत नाही. स्नायूच्या तंतूंची जागा पुष्कळदा चरबी घेते. मांडीचा घेर फारसा बदलत नाही, वजनाचा काटा तोच आकडा दाखवतो, किंबहुना थोडा वरच जातो. मग बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांच्या भेटीत तिला सांगितले जाते, ‘वजन कमी करा, मग पाहू.’ वजनाचा सल्ला मुळात चुकीचा नाही; जड शरीराचा भार गुडघ्यावर पडतोच. परंतु आहारतज्ज्ञ नाही, व्यायाम शिकवणारे कोणी नाही, अशा स्थितीत ती बाई या सल्ल्याचा एकच अर्थ लावू शकते: एक वेळचे जेवण सोडायचे. त्यातून जे वजन घटते त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो. सल्ला पाळल्याचीच शिक्षा तिला होते.

वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी पोषणशास्त्रज्ञाने ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. त्यातील दोन्ही शब्द ग्रीक आहेत. सार्क्स म्हणजे मांस, आणि पेनिया म्हणजे उणीव, दारिद्र्य. मांसाचे दारिद्र्य! म्हातारपणी हे दारिद्र्य थोडेफार सर्वांनाच येते. मात्र इतर दारिद्र्यांप्रमाणे याचीही वाटणी समान होत नाही.

शस्त्रक्रियेने हा प्रश्न सुटतो, ही समजूतही भाबडी आहे. धातूचा आणि प्लास्टिकचा कृत्रिम सांधा उत्तम बिजागरी असतो. पण बिजागरी दार उघडत नाही, दार उघडणारा हात वेगळा लागतो. तो हात म्हणजे मांडीचा स्नायू. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद आधीच्या मानाने निम्म्याहून अधिक घटते, असे मोजमापांत आढळले आहे. ज्याच्याजवळ शिल्लक आहे तो हा खर्च सोसतो आणि हळूहळू भरून काढतो; ज्याची शिल्लक रांगेतच संपली त्याला सोसायला काही उरत नाही. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ साली दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने रुग्ण किती चांगला चालेल आणि जिना किती सहज चढेल याचे भाकीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या वेदनेवरून किंवा गुडघा किती वाकतो यावरून तितकेसे करता येत नाही. ते शस्त्रक्रियेपूर्वीच्या मांडीच्या ताकदीवरून करता येते. म्हणजे एकच शल्यविशारद, एकच सांधा, एकच शस्त्रक्रिया. तरीही महिन्यात टेबलावर गेलेल्या रुग्णाला आणि दोन वर्षे ताटकळलेल्या रुग्णाला हाती लागणारे फळ निराळे असू शकते. समान उपचार झाल्याची नोंद सरकारी दप्तरात होते. समान फळ मिळाले की नाही, याची नोंद कोठेच होत नाही.

कारखानदार आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. यंत्र वापरात असो वा पडून असो, त्याची किंमत घटते हे त्याला ठाऊक असते, आणि त्या घटीपोटी त्याला करातही सवलत मिळते. श्रमिकाचे एकमेव भांडवल म्हणजे त्याचे शरीर. त्या भांडवलाचा घसारा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

दोन प्रकारच्या रांगा

येथे बाजाराचे पुरस्कर्ते पुढे सरसावतात आणि ब्रिटनकडे बोट दाखवतात. सार्वजनिक आरोग्यसेवा म्हणजे रांगा, असे त्यांचे म्हणणे. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे आजचे चित्र त्यांना पुरावा म्हणून पुरेसे वाटते. त्या चित्राकडे समाजवाद्यांनीही डोळेझाक करण्याचे कारण नाही. १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे तेथील वचन २०१६ पासून पाळले गेलेले नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ऐच्छिक शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आल्या. साथीपूर्वी इंग्लंडच्या प्रतीक्षायादीत सुमारे ४५ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्या ७७ लाखांच्या घरात गेल्या. त्यांत अस्थिरोगांच्या रुग्णांचा वाटा मोठा आहे. ‘ऐच्छिक’ या शब्दाची किंमत त्या यादीतल्या लक्षावधी लोकांनी मोजली.

पण या पुराव्यातून निघणारा निष्कर्ष बाजारवाद्यांना हवा तो नाही. ब्रिटनमध्ये रांग दिसते, कारण ती मोजली जाते. मोजली जाते, कारण तेथे प्रत्येक नागरिकाचा रांगेत उभे राहण्याचा हक्क मान्य झालेला आहे. म्हणूनच दर महिन्याला आकडा प्रसिद्ध होतो, वृत्तपत्रे सरकारला धारेवर धरतात आणि निवडणुकीत त्याचा जाब विचारला जातो. भारतात देशव्यापी प्रतीक्षायादी प्रसिद्धच होत नाही. याचा अर्थ येथे रांग नाही, असा घ्यायचा काय? अर्थशास्त्रात प्रच्छन्न बेकारी नावाची एक संकल्पना आहे. शेतावर सहाजण राबताना दिसतात, पण काम चौघांचेच असते. दोघे बेकार असूनही बेकारांच्या नोंदीत येत नाहीत. तशीच या देशात प्रच्छन्न प्रतीक्षा आहे. ज्या बाईला शस्त्रक्रियेची गरज आहे, पण खर्च ऐकून जी घरी परतली, जिने केसपेपरच काढला नाही, जिला जिल्ह्याच्या गावी नेणारा मुलगा रोजंदारी बुडवू शकत नाही, ती कोणत्याही यादीत नाही. ती थांबलेली आहे, परंतु तिचे थांबणे कोणी मोजत नाही. रांग वेळेच्या हिशेबाने वाटप करते. बाजार किमतीच्या हिशेबाने वाटप करतो आणि ज्यांना किंमत परवडत नाही त्यांना दृष्टीआड करतो. बाजारात रांग नसते असे म्हणणे म्हणजे दुकानाबाहेर उपाशी उभ्या असलेल्यांना गिऱ्हाईक न मानण्यासारखे आहे.

या संदर्भात एका जुन्या प्रसंगाची आठवण उपयुक्त ठरेल. एप्रिल १९५१ मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारने कवळ्या आणि चष्मे यांच्यावर शुल्क लावायचे ठरवले, तेव्हा त्या आरोग्यसेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळी नसली म्हणून कोणी मरत नाही, चष्मा नसला म्हणूनही नाही. तरीही बेव्हन यांना हा प्रश्न तत्त्वाचा वाटला. चावता येणे, वाचता येणे, चालता येणे यांशिवायचे जगणे हे अर्धे जगणे असते, आणि श्रमिकाने अर्ध्या जगण्यावर समाधान मानावे ही अपेक्षा समाजवादाला मान्य होऊ शकत नाही. गुडघ्याचा प्रश्न त्याच मालिकेतला आहे.

सांध्याला भाव, स्नायूला नाही

या देशात गुडघ्याच्या प्रश्नावर सरकारने काहीच केले नाही, असा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी १ लाख ५८ हजार रुपयांना विकला जात होता. त्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवण्यात आली. आयातदार, वितरक आणि रुग्णालये या साखळीने चालवलेली लूट त्या एका आदेशाने उघडी पडली. हे पाऊल स्वागतार्ह होते, आणि त्याचे श्रेय नाकारण्यात कोणाही समाजवाद्याला कमीपणा वाटण्याऐवजी संकोच वाटावा. मात्र मर्यादा सांध्याच्या किमतीवर होती. खोलीचे भाडे, शस्त्रक्रियागृहाचा आकार, शल्यविशारदाचे मानधन आणि नंतरचा भौतिकोपचार हे सारे तिच्या बाहेर राहिले.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली; पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वच नागरिक तिच्या कक्षेत आले. परंतु या योजनेची घडण पाहण्यासारखी आहे. ती रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचाराचे ठरावीक पैसे देते. दाखल होण्याच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच बाहेरचा काळ तिच्या हिशेबात बसतो. तीन दिवस! ज्या बाईची मांडी वर्षभर झिजत होती तिच्या त्या वर्षातले शेवटचे तीन दिवस शासनाला दिसतात. पंधरा दिवस! शस्त्रक्रियेनंतर स्नायूची ताकद परत मिळवायला कित्येक महिने लागतात. त्यातला पहिला पंधरवडा शासन पाहते आणि मान फिरवते.

याचे कारण अधिकाऱ्यांच्या दुष्टाव्यात शोधू नये. ते योजनेच्या तर्कातच आहे. विम्याला घटना लागते. चाकू चालला ही घटना आहे: तिची तारीख असते, छायाचित्र असते, बिल असते. मांडीतला स्नायू टिकवला ही घटना नाही, ती प्रक्रिया आहे. तिचे बिल कसे फाडायचे? सांधा ही वस्तू आहे. ती आयात होते, विकली जाते, तिच्यावर नफा मिळतो, म्हणून तिची किंमत ठरवावी लागते. स्नायू कोणी विकत नाही, त्याचा वितरक नाही, त्याच्यासाठी परिषदा भरवणारी कंपनी नाही. जे विकले जात नाही ते धोरणाला दिसत नाही. उपचाराचे वस्तूत रूपांतर झाले की काय होते, याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. गुडघ्यावर हजारो रुपये खर्च करणारे शासन त्या गुडघ्याला चालवणाऱ्या स्नायूसाठी वाळूची पिशवी आणि एक खुर्ची देऊ शकत नाही.

उपदेश आणि उपचार

वाळूची पिशवी आणि खुर्ची हे शब्द अलंकारिक नाहीत. मांडीचा स्नायू टिकवण्याला लागणारी साधने खरोखरच इतकी साधी आहेत: खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, पाय सरळ ठेवून उचलणे, घोट्याला वजन बांधून गुडघा ताठ करणे, आणि आठवड्यागणिक हा भार थोडा थोडा वाढवणे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्याच्या व खुब्याच्या झिजेच्या रुग्णांसाठी असा एक कार्यक्रम चालवला जातो. त्यात रोगाची माहिती देणारी सत्रे आणि देखरेखीखालील व्यायामाची सुमारे बारा सत्रे असतात. त्याच देशातील एका अभ्यासात शस्त्रक्रियेला पात्र ठरलेल्या शंभर रुग्णांचे दोन गट करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटावर शस्त्रक्रिया आणि व्यायाम दोन्ही झाले त्याला अधिक आराम पडला, हे मोकळेपणाने नोंदवले पाहिजे. पण ज्यांना केवळ व्यायाम, आहार, पादत्राणे आणि वेदनाशामके असा एकत्रित उपचार मिळाला, त्या पन्नासांपैकी एका वर्षात फक्त तेरांनी शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांना तोवर तिची निकड भासली नाही. म्हणजे रांगेतील काळाचा उपयोग केला तर शस्त्रक्रियेला जाणारा बळकट होऊन जातो, आणि काही जण रांगेतूनच बाहेर पडतात.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या व्यायामाचा लाभ पहिल्या काही महिन्यांत ठळक असतो आणि पुढे व्यायाम केलेल्या व न केलेल्या रुग्णांतले अंतर कमी होत जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण पहिले काही महिने कोणाला महत्त्वाचे असतात, याचा विचार आक्षेपकांनी केलेला दिसत नाही. निवृत्तिवेतन असलेल्या गृहस्थाला तीन महिने उशिरा बरे होणे म्हणजे तीन महिने अधिक विश्रांती. चार घरची कामे करणाऱ्या बाईला तीन महिने म्हणजे चारही घरे हातची जाणे.

आता प्रश्न येतो तो येथील रुग्णालयात व्यायाम ‘दिला’ कसा जातो याचा. केसपेपरवर ‘व्यायाम करा’ असे लिहिले जाते, फार तर चित्रांचा एक कागद हातात पडतो. याला उपचार म्हणत नाहीत, उपदेश म्हणतात. ज्या सांध्याने स्नायूवर संचारबंदी लादली आहे तेथे वेदना आटोक्यात आणल्याशिवाय व्यायाम होत नाही; वेदनाशामके मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने घेतली जातात आणि वर्षानुवर्षांच्या सेवनाने जठर व मूत्रपिंडे बिघडवतात. व्यायाम शिकवणारा, चूक सुधारणारा, भार वाढवणारा माणूस लागतो. आणि स्नायू हवेवर वाढत नाही, त्याला प्रथिने लागतात.

या शेवटच्या मुद्द्याचा हिशेब मांडून पाहावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांना याहून अधिक, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम द्यावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्याची हमी दिली आहे. दिवसाला ते सुमारे १६५ ग्रॅम भरते. हे सारे धान्य गहू असले तरी त्यातून अठरा-वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळत नाहीत. तांदूळ असल्यास त्याहून कमी. कायद्याने हमी दिलेल्या धान्यात डाळ नाही. उरलेली तीस ग्रॅम डाळीतून, दुधातून, अंड्यांतून विकत घ्यायची, तीही गुडघ्यामुळे मिळकत आटलेली असताना, आणि घरातल्या स्त्रीने सर्वांच्या शेवटी जेवायचे या रिवाजानंतर जे उरेल त्यातून. अशा बाईला ‘व्यायाम करा’ सांगणे हा क्रूर विनोद आहे.

चळवळीच्या बाजूची चूक

शासनाच्या चुका मोजताना चळवळीनेही आपल्या दप्तरात डोकावावे. रुग्णहक्कांची आंदोलने सामान्यतः दोन मागण्यांवर थांबतात: शस्त्रक्रिया मोफत करा आणि सांध्याची किंमत उतरवा. गावोगावी आरोग्य शिबिरे भरतात. त्यांत गुडघे तपासले जातात, नावे लिहून घेतली जातात, काहींना शहरातल्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. नाव लिहून घेतले त्या दिवशी कार्यकर्त्याला आपले काम संपल्यासारखे वाटते. वास्तविक त्या बाईच्या मांडीचा घसारा त्या दिवसापासून अधिक जोमाने सुरू होतो, कारण ‘आता शस्त्रक्रियाच होणार’ म्हणून ती चालणेही सोडते. शस्त्रक्रियांची संख्या हे यशाचे माप मानण्यात चळवळ आणि सरकार यांच्यात फरक राहिला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा एक आक्षेप चळवळीतूनच येतो. क्षयाने आणि कुपोषणाने माणसे मरत असताना म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार ही चैन नाही काय? हा आक्षेप प्रामाणिक असला तरी तो गरिबाला गरिबाशी झुंजवणारा आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार शासनाचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता; २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे आश्वासन दिले होते. त्या वर्षी एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक खर्च लोकांनी थेट खिशातून केला. ताटातली भाकरी लहान ठेवून क्षयरोग्याने आणि गुडघेदुखीच्या रुग्णाने ती आपसांत वाटून घ्यावी, हा युक्तिवाद ताट वाढणाऱ्याच्या सोयीचा आहे. शिवाय येथे मागणी आहे ती महागड्या यंत्राची नव्हे. एका माणसाची, एका खोलीची आणि थोड्या डाळीची.

मागणी काय असावी

पहिली मागणी मोजण्याची. गुडघेबदलासाठी नाव नोंदवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद जिल्हावार प्रसिद्ध झाली पाहिजे, आणि तीत नोंदीची तारीख व शस्त्रक्रियेची तारीख यांबरोबर दोन्ही वेळची मांडीची ताकद असली पाहिजे. त्याला मोठे यंत्र लागत नाही. तीस सेकंदांत रुग्ण खुर्चीवरून किती वेळा उठू शकतो, हे एवढे मोजले तरी पुष्कळ कळते. ज्याची ताकद झपाट्याने घटते आहे त्याला यादीत वर आणण्याचा न्याय्य आधारही त्यातून मिळेल.

दुसरी मागणी दिलेले वचन पाळण्याची. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचार कक्ष, सामुदायिक आरोग्य केंद्रात पुनर्वसनाची सोय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी साप्ताहिक तपासणी, ही त्याची मांडणी आहे. हे कागदावर आहे, म्हणून नव्या घोषणेची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातील केंद्रात भौतिकोपचाराचे पद मंजूर आहे का, मंजूर असल्यास भरले आहे का, भरले असल्यास तो माणूस आठवड्यातून किती दिवस बसतो, हे तीन प्रश्न प्रत्येक तालुका शाखेने माहितीच्या अधिकारात विचारावेत. उत्तरे हाती आली की आंदोलनाचा कार्यक्रम निराळा आखावा लागणार नाही.

तिसरी मागणी योजनेच्या घडणीबद्दल. तीन दिवस आणि पंधरा दिवस ही चौकट मोडली पाहिजे. गुडघेबदलाच्या मोबदल्यात शस्त्रक्रियेपूर्वीचे किमान सहा आठवडे आणि नंतरचे तीन महिने यांतील भौतिकोपचार अनिवार्य घटक म्हणून धरला जावा. तो दिल्याचा पुरावा नसल्यास पूर्ण रक्कम अदा होऊ नये.

चौथी मागणी पोषणाची आणि मजुरीची. यादीवर नाव असलेल्या गरीब रुग्णाला प्रतीक्षेच्या काळात शिधापत्रिकेवर डाळ मिळाली पाहिजे. आजारपणात मजुरीचा भार समाजाने उचलावा, हे तत्त्व १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने संघटित कामगारापुरते मान्य केले. १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवून दिले की, ज्यांना एक ठराविक मालक नाही अशा श्रमिकांसाठीही लेव्हीच्या मार्गाने सुरक्षेची व्यवस्था उभी राहू शकते. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या घरची फरशी पुसून जिचे गुडघे गेले, तिच्या प्रतीक्षेच्या महिन्यांची भरपाई हा त्या मंडळाच्या कामाचा भाग का असू नये?

या चारही मागण्या पूर्ण होण्यासाठी वेळ लागेल. तोवर शाखांनी एक काम हाती घ्यावे. आरोग्य शिबिरात गुडघ्यांसाठी ज्यांची नावे लिहून घेतली जातात, त्यांना आठवड्यातून दोनदा गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात एकत्र बोलवावे. जवळच्या भौतिकोपचार महाविद्यालयातील शिक्षक-विद्यार्थ्यांना पहिले काही दिवस शिकवायला आणावे. प्रत्येकाची उठण्या-बसण्याची संख्या वहीत लिहावी. शासनाची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेण्यासाठी हे करायचे नाही. आंदोलनाच्या हाती आकडे यावेत आणि आंदोलन यशस्वी होईपर्यंत माणसे उभी राहण्याच्या स्थितीत उरावीत, यासाठी करायचे. मोर्चात चालायलाही मांडीत बळ लागते.

मांसाच्या दारिद्र्यातले थोडे वय आणते. त्यावर कोणाचा इलाज नाही. बाकीचे रांग आणते, रिकामे ताट आणते आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द आणतो. या तिन्ही गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत. म्हणून त्या बदलताही येतात.